मानपानाची फाइल

पहाटे 5.30
नळाला पाणी आलं की घरात पहिली मी उठते. पिंप भरेपर्यंत रात्रीचे निरोप ऐकून घ्यायचे. लग्नसराईत लोक लिहीत नाहीत, बोलून पाठवतात. "वहिनी, मोठ्या आत्याचं नाव राहिलंय हो पत्रिकेत. रुसून बसलीय." नाव टाइप करायला अर्धं मिनिटही लागत नाही. पण एक ओळ वाढली की मुहूर्त खाली सरकतो आणि कार्यालयाचा पत्ता झेंडूच्या तोरणात शिरतो. मग सगळी मांडणी पुन्हा.

सकाळी 7
नवरा डबा घेऊन बदलापूर स्टेशनला पळतो. एकेकाळी मीही त्या गर्दीत असायचे. दादरला डीटीपीच्या दुकानात कामाला होते. आता शिरगावातल्या घराची खिडकी हेच दुकान. कॉम्प्युटर नाही, प्रिंटर नाही, फक्त फोन आणि चार्जर. विकते त्या सगळ्या फायली: लग्नाची पत्रिका, हळदीची वेगळी, साखरपुड्याचा व्हिडिओ, बारसं, वास्तुशांत, स्थळांसाठी बायोडाटा. दशक्रियाविधीचा निरोपही करून देते. त्याचा भाव मात्र मी सांगत नाही, देतील ते घेते.

सकाळी 9
अक्षरांचं काम सकाळीच करावं, डोळे ताजे असतात. पिक्सेललॅबमध्ये आपले फॉन्ट टाकता येतात म्हणून पत्रिका त्यात, व्हिडिओ काइनमास्टरवर. दुकानात होते तेव्हा श्रीलिपी वापरायचे. त्या काळचे जुने फॉन्ट फोनच्या युनिकोड कीबोर्डला जुळत नाहीत. म्हणून गूगल फॉन्ट्सवरचे मोफत घेते. मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्ता' आणि गुबगुबीत 'मोदक' बारशाला छान दिसतात. 'यात्रा वन' तर मुंबईच्या लोकलच्या हातरंगी पाट्यांवरून घडवलाय. परवाना खुला आहे: या अक्षरांत केलेली पत्रिका विकता येते, नुसता फॉन्ट विकता येत नाही.

नवा फॉन्ट हाती आला की आधी 'वऱ्हाडी मंडळी, शालू, लगीन' एवढं लिहून बघते. ऱ्ह तुटला तर फॉन्ट बाद. ल आणि श हिंदी वळणाचे निघाले तरी बाद. शासनाच्या 2009 च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलेत. गिऱ्हाइकाला तो निर्णय माहीत नसतो, पण नवरदेवाची आजी चष्मा लावून बरोबर सांगते, "हे शुभविवाह आपल्यातलं वाटत नाही गं." व्हिडिओतही एकेक अक्षर उमटवायचा मोह टाळते. जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या सुट्या नाचतात. शब्द अख्खाच आणावा.

सकाळी 11.30
शेजारच्या इमारतीतल्या काकू मुलाचा बायोडाटा करायला येतात. रास, नक्षत्र, नाडी, देवक, मामेकुळ हे तोंडपाठ. पगारापाशी गाडी अडते.
"काकू, आकडा काय टाकू?"
"आकडा कशाला? 'नामांकित कंपनीत' लिही. आणि गावची शेती वर घे."
शेती वर घेतली. उंचीत एक इंच वाढवून मागितला, तो दिला नाही. मुलगी बघायला येणारच आहे.

दुपारी 1.30
एप्रिल-मेमध्ये बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. फोन तापला की त्याचा प्रोसेसर आपोआप मंदावतो आणि व्हिडिओ बाहेर पडता पडत नाही. चार्जर काढायचा, कव्हर काढायचं, पंख्याखाली ठेवायचा. फ्रीजमध्ये ठेवू नये, बाहेर काढल्यावर दव धरतं. त्यात वीज गेली तर पंखाही नाही. म्हणून व्हिडिओ पहाटे किंवा रात्री, दुपारी जेवण आणि मुलाचा अभ्यास.

दुपारी 4
आता कोऱ्या टेम्प्लेटचं काम. सजावट तयार, नावांची जागा रिकामी. असे संच कर्जत, नेरळ, मुरबाडकडचे फ्लेक्सवाले घेतात. पैसे आले की ड्राइव्हची लिंक पाठवायची. एकदा बनवा, शंभरदा विका, झोपेत कमवा, असं यूट्यूबवर सांगतात. पुढचं सांगत नाहीत. आंबा विकला की तो गिऱ्हाइकाच्या पोटात जातो. फाइल विकली की गिऱ्हाईकच दुकान मांडतं. माझा हळदीचा संच माझं नाव पुसून टेलिग्रामवर फुकट फिरताना मी पाहिलाय. भांडून उपयोग नव्हता.

तेव्हा प्रश्न पडला, फुकट मिळत असताना लोक माझ्याकडे का येतात? उत्तर रोजच्या निरोपांतच होतं. कोऱ्या टेम्प्लेटला कळत नाही की कै. आजोबांचं नाव आधी येतं, की अबोला धरलेले दोन चुलते एका ओळीत चालतात पण वरखाली चालत नाहीत, की मामाचं नाव बारीक अक्षरात गेलं तर मांडवात तोंडं फिरतात. सजावट कोणीही चोरावी. नातं विचारून नाव जागेवर बसवणं चोरता येत नाही.

संध्याकाळी 7.30
मुंबईहून सुटलेल्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की लोकांना पत्रिका आठवते. कल्याण येईपर्यंत माझा फोन वाजत राहतो. नमुना जातो तो आडव्या शिक्क्यासकट. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट खोटाही बनवता येतो, म्हणून बँकेचा मेसेज आल्यावरच शिक्का काढते. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवते. फोटो म्हणून पाठवली तर व्हॉट्सॲप ती दाबून बारीक करतं आणि आत्याचं नाव पुन्हा वाचता येत नाही. पीडीएफमध्ये कार्यालयाच्या नकाशाची लिंक असते, बोट लावलं की रस्ता उघडतो. 2016 मध्ये यूपीआय आलं नसतं तर दीडशे रुपयांच्या पत्रिकेसाठी मुरबाडहून माझ्यापर्यंत कोण आलं असतं?

रात्री 10.30
वहीत हिशोब. संचांचे पैसे एका बाजूला, पत्रिकांचे दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजूच जड, आणि तिच्यातला निम्मा वेळ दुरुस्त्यांचा, ज्यांचे मी काहीच घेत नव्हते. म्हणून आज नवं दरपत्रक केलं: पत्रिका 150 रुपये, पहिल्या दोन दुरुस्त्या मोफत, पुढे मानपानाची प्रत्येक दुरुस्ती 50 रुपये. स्टेटसला टाकलं. पाचच मिनिटांत पहिला निरोप आला: "वहिनी, चार माम्या मिळून एक दुरुस्ती धराल ना?"

धरली. पन्नास रुपये आधी घेतले.