उत्तर स्कॉटलंडचा सागरी गिरिमार्ग : प्रवासाचे नियोजन आणि गावांचा अनुभव

स्कॉटलंडच्या उत्तर भागात, नेस नदीच्या मुखाशी इनव्हर्नेस हे शहर वसले आहे. तेथील किल्ल्यापासून निघून पश्चिम, उत्तर आणि पूर्व किनाऱ्यांना वळसा घालीत पुन्हा त्याच किल्ल्यापाशी येऊन मिळणारा एक मार्ग २०१५ साली जाहीर करण्यात आला. 'नॉर्थ कोस्ट ५००' हे त्याचे नाव. त्याची लांबी ५१६ मैल, म्हणजे सुमारे ८३० किलोमीटर आहे. या मार्गाचे वैशिष्ट्य असे की, त्यासाठी नवा रस्ता बांधण्यात आला नाही. शेतकरी, कोळी, टपालवाले आणि शाळकरी मुले ज्या रस्त्यांनी पूर्वापार ये-जा करीत होती, तेच रस्ते एका सूत्रात गुंफून त्यांना एक नाव देण्यात आले.

उत्तरेकडील विरळ वस्तीच्या या भागात रोजगार वाढावा, या हेतूने काम करणाऱ्या 'नॉर्थ हायलँड इनिशिएटिव्ह' या संस्थेच्या पुढाकारातून ही कल्पना साकार झाली. नाव मिळताच देशोदेशींचे प्रवासी येऊ लागले. गावांना उत्पन्नाचे नवे साधन लाभले आणि त्याबरोबर नव्या अडचणीही आल्या. म्हणूनच या मार्गाचा विचार दोन बाजूंनी करणे आवश्यक ठरते. प्रवाशाने आपल्या प्रवासाची आखणी कशी करावी, ही एक बाजू. आणि येणाऱ्या प्रवाशांसाठी गावाने आपली आखणी कशी करावी, ही दुसरी.

प्रदेशाची ओळख

हायलँड परिषदेच्या प्रशासकीय क्षेत्राचा विस्तार सुमारे २६ हजार चौरस किलोमीटर असून लोकसंख्या सुमारे २ लाख ३५ हजार आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे एकत्रित क्षेत्रफळ याच्या जवळजवळ निम्मे. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार तेथे २४ लाखांहून अधिक लोक राहतात. एवढ्या तुलनेवरून हायलँडमधील वस्ती किती विरळ आहे, याची कल्पना येईल.

ही विरळता केवळ निसर्गाने निर्माण केलेली नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथील जमीनदारांनी मेंढपाळीच्या लाभासाठी हजारो कुळांना खोऱ्यांतून हुसकावून लावले. उत्तरेकडील स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातील वाड्या १८१४ आणि १८१९ साली अशाच रिकाम्या करण्यात आल्या. काही कुटुंबे किनाऱ्यावरील खडकाळ तुकड्यांवर येऊन राहिली, तर काहींनी कॅनडाची वाट धरली. किनाऱ्यावरील या लहान कुळशेतीला 'क्रॉफ्ट' म्हणतात. १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टरांना कसत्या जमिनीवर राहण्याची शाश्वती मिळाली. पुढे १९९३ साली ॲसिंट भागातील क्रॉफ्टरांनी एकत्र येऊन, निधी उभारून, सुमारे २१ हजार एकरांची जमीनदारी स्वतःच विकत घेतली. आज प्रवाशाला जो एकांत रमणीय वाटतो, त्यामागे हा इतिहास आहे, याचे भान ठेवणे उचित होय.

मार्गाचे टप्पे

इनव्हर्नेसहून पश्चिमेकडे निघाल्यास पहिला मोठा टप्पा ॲपलक्रॉसचा. तेथे जाणारा 'ब्यालख ना बा' हा घाट ६२६ मीटर उंचीवर पोहोचतो. नावाचा अर्थ 'गुरांची खिंड'. पूर्वी या खिंडीतून गुरे बाजाराला नेली जात. काही ठिकाणी चढ पाचास एक इतका तीव्र आहे आणि वळणे अत्यंत आवळ आहेत. शिकाऊ चालकांनी, मोठ्या वाहनांनी आणि फिरत्या घरांनी या घाटात जाऊ नये, अशी सूचना पायथ्याशीच लावलेली आहे. अशा वाहनांसाठी शील्डेगवरून किनाऱ्याने जाणारा रस्ता आहे. तो १९७० च्या दशकात पूर्ण झाला. तोपर्यंत हिवाळ्यात बर्फ पडून घाट बंद झाला की ॲपलक्रॉसला जमिनीवरून जाण्यास वाट उरत नसे.

पुढे टॉरिडनचे तांबूस वालुकाश्माचे डोंगर लागतात. हा खडक सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीचा असून त्याच्या खालील 'नाइस' खडकाचे वय ३०० कोटी वर्षांपर्यंत जाते. अलापूल या बंदराच्या उत्तरेस नॉकन येथील कड्यात जुने खडक नव्या खडकांच्या वर चढलेले आढळतात. हे कसे घडले, यावर एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्रज्ञांमध्ये मोठा वाद होता. भूकवचातील रेट्यामुळे जुने थर नव्या थरांवर सरकले, हे पीच आणि हॉर्न या दोन संशोधकांनी परिश्रमपूर्वक दाखवून दिले. त्यांचा ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला. हा परिसर २००४ साली भूवारसा उद्यान म्हणून मान्यता पावला. भूगोलाच्या शिक्षकास असे स्थळ म्हणजे उघडे पाठ्यपुस्तकच होय.

तेथून काइलस्कूचा वक्राकार पूल ओलांडून मार्ग डर्नेसकडे जातो. या ठिकाणी १९८४ पर्यंत खाडी ओलांडण्यासाठी नावेवर अवलंबून राहावे लागत असे. डर्नेसजवळ समुद्राने आणि ओढ्याने मिळून कोरलेली स्मू ही चुनखडीची प्रशस्त गुहा आहे. मग उत्तर किनाऱ्याने टंग, बेटीहिल आणि थर्सो ही गावे येतात. थर्सोच्या पलीकडे डनेट हेड हे ब्रिटनच्या मुख्य भूमीचे उत्तर टोक आहे. रस्त्याच्या दक्षिणेस दूरवर पसरलेला दलदलीचा प्रदेश 'फ्लो कंट्री' म्हणून ओळखला जातो. हजारो वर्षे कुजत साचलेल्या शेवाळाचे जाड थर येथे आहेत. वातावरणातील कर्ब साठवून ठेवण्याच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व मोठे आहे. २०२४ साली युनेस्कोने या प्रदेशाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. जॉन ओ'ग्रोट्सपासून रस्ता दक्षिणेकडे वळतो आणि विक, हेल्म्सडेल, डॉर्नॉक या गावांवरून इनव्हर्नेसला परत येतो.

दिवस आणि ऋतू

नकाशावर ८३० किलोमीटर हे अंतर दोन दिवसांचे वाटते. प्रत्यक्षात पश्चिम किनाऱ्यावर ताशी ४० किलोमीटरचा सरासरी वेगही अनेकदा साधत नाही. त्यामुळे किमान पाच दिवस आणि शक्य असल्यास सात किंवा अधिक दिवस योजावेत. दिवसभराचे वाहन चालविणे चार तासांपेक्षा अधिक असू नये. इनव्हर्नेस ते ॲपलक्रॉस, तेथून अलापूल, मग डर्नेस, पुढे थर्सो किंवा जॉन ओ'ग्रोट्स आणि शेवटी परत इनव्हर्नेस, असे पाच स्वाभाविक मुक्काम पडतात. ज्याच्यापाशी सात दिवस आहेत, त्याने वाढीव दोन दिवस पश्चिम किनाऱ्यालाच द्यावेत, कारण पाहण्यासारखे अधिक तेथे आहे आणि रस्ताही तेथेच संथ आहे.

मे आणि सप्टेंबर हे महिने सर्वांत सोयीचे. जूनमध्ये उजेड सुमारे अठरा तास असतो. डिसेंबरमध्ये तो सात तासांहूनही कमी असतो आणि अनेक निवासस्थाने हिवाळ्यात बंद राहतात. जून ते ऑगस्ट या काळात, विशेषतः वारा पडला असता, 'मिज' नावाची सूक्ष्म चावरी चिलटे सकाळ-संध्याकाळ हैराण करतात. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दीही शिगेला पोहोचते.

एकपदरी रस्त्याची शिस्त

या प्रवासातील खरी परीक्षा एकपदरी रस्त्याची असते. रस्त्याची रुंदी एका वाहनापुरतीच असते आणि ठराविक अंतरावर वाट देण्यासाठी रुंद जागा केलेल्या असतात. ब्रिटनमध्ये भारताप्रमाणेच डाव्या बाजूने वाहन चालवितात. समोरून वाहन येत असेल आणि अशी जागा डाव्या हातास असेल, तर आपले वाहन तीत घ्यावे. ती उजव्या हातास असेल, तर रस्ता ओलांडून जाऊ नये. तिच्यासमोर आपल्या बाजूस थांबावे आणि समोरच्या वाहनास ती जागा वापरू द्यावी. चढ चढणाऱ्या वाहनास शक्य तेव्हा आधी वाट द्यावी. हा नियम आपल्या घाटांतील चालकांनाही परिचित आहे.

यापेक्षा महत्त्वाचे दोन संकेत आहेत. पहिला असा की, मागे वाहन साचले असल्यास रुंद जागेत थांबून त्यास पुढे जाऊ द्यावे. प्रवासी देखावा पाहत सावकाश जात असला, तरी मागील वाहनात कामावर निघालेली परिचारिका किंवा रुग्णवाहिका असू शकते. दुसरा असा की, वाट देण्याच्या जागेत वाहन उभे करून छायाचित्रे काढीत बसू नये. एक जागा अडली की दोन्ही बाजूंची वाहतूक ठप्प होते.

इंधनाचे पंप दूर दूर आहेत, म्हणून टाकी अर्धी होताच भरून घ्यावी. ॲपलक्रॉस येथील पंप गावाच्या सामुदायिक कंपनीमार्फत चालतो. खासगी व्यवसायास न परवडणारी सेवा गावाने स्वतः सांभाळल्याचे हे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. निवासाची जागा आधी निश्चित करावी, भ्रमणध्वनीचा संपर्क सर्वत्र मिळेल असे गृहीत धरू नये आणि छापील नकाशा जवळ ठेवावा.

एक गैरसमज दूर करणे येथे आवश्यक आहे. स्कॉटलंडच्या २००३ च्या भूमिसुधारणा कायद्याने प्रत्येकास बहुतेक जमिनीवर जबाबदारीने पायी फिरण्याचा, तसेच तंबू ठोकून राहण्याचा अधिकार दिला आहे. मोटार वाहनांना मात्र हा अधिकार लागू नाही. त्यामुळे फिरते घर कोठेही उभे करून रात्र काढण्याचा हक्क आपणास आहे, असे मानणे चुकीचे ठरते.

गावांवर पडलेला भार

प्रसिद्धीचा लाभ खानावळी, निवासस्थाने व दुकाने यांना झाला. परंतु रस्ते तेवढेच राहिले आणि वाहने वाढली. रस्त्यांच्या कडा ढासळू लागल्या. स्वच्छतागृहे अपुरी पडली. फिरत्या घरांतील मैला टाकण्याची सोय नसल्याने तो भलत्याच ठिकाणी टाकला गेल्याच्या तक्रारी आल्या. साडेसहा हजार किलोमीटरांहून अधिक लांबीच्या रस्त्यांची देखभाल करणाऱ्या परिषदेस आपल्या अल्प लोकसंख्येच्या करांतून हा वाढीव खर्च पेलणे कठीण झाले. फोडर्स या प्रवासविषयक प्रकाशनाने तर २०२५ सालासाठी, ज्या ठिकाणी जाण्याचा प्रवाशांनी पुनर्विचार करावा, अशा स्थळांच्या यादीत या मार्गाचे नाव घातले.

यावर उपाय योजण्यात आले, पण ते मागाहून. वाहनतळ, स्वच्छतागृहे व मैला-विल्हेवाटीची केंद्रे उभारण्यासाठी स्कॉटलंड सरकारने २०१८ पासून ग्रामीण पर्यटन सुविधा निधी उपलब्ध करून दिला. २०२१ पासून परिषदेने मार्गावर फिरते रक्षक नेमले. ते प्रवाशांना समजावून सांगतात आणि गावकऱ्यांच्या तक्रारी ऐकतात. २०२४ च्या कायद्याने स्थानिक परिषदांना रात्रीच्या निवासावर पर्यटन आकार बसविण्याचा अधिकार देण्यात आला आहे. रस्त्याचा उपभोग घेणाऱ्याने त्याच्या देखभालीचा काही भाग उचलावा, हे त्यामागील तत्त्व होय.

कोकणासाठी बोध

महाराष्ट्राच्या किनाऱ्यासही डोंगर आणि समुद्र यांचे असेच सान्निध्य लाभले आहे. रेवस ते रेडी हा सागरी मार्ग, सह्याद्रीतून उतरणारे घाट, खाड्यांवरील फेरीबोटी आणि त्यांच्यामधील लहान गावे यांमुळे अनेक दिवसांच्या प्रवासास येथे विपुल वाव आहे. पावसाचे मान, वस्तीची दाटी आणि जमिनीची मालकी यांत मोठा फरक असल्याने स्कॉटलंडची योजना जशीच्या तशी उचलता येणार नाही. तथापि क्रमाचा धडा घेता येईल. मार्गाची जाहिरात करण्यापूर्वी वाहने कोठे थांबतील, कचरा कोण उचलील, पाणी कोठून येईल आणि मिळणाऱ्या उत्पन्नातील किती वाटा गावात राहील, हे प्रश्न ग्रामसभेत चर्चिले जावेत. कास पठारावर स्थानिक समित्यांच्या सहभागाने प्रवेशशुल्क आणि संख्येची मर्यादा अमलात आली. म्हणजे ही गोष्ट आपल्याकडे अशक्य नाही.

शिक्षकांना या कामात विशेष स्थान आहे. गावातील कातळ, खाडी, जुनी वाट, सोडून दिलेली वाडी यांची माहिती विद्यार्थ्यांकडून संकलित करून घेतल्यास पाहुण्यास सांगण्यासारखे काही गावापाशी राहील. नुसता देखावा पाहून पुढे जाणारा प्रवासी धूळ तेवढी मागे ठेवतो. गावाची हकीकत ऐकण्यासाठी थांबलेला प्रवासी रात्रीचा मुक्काम करतो.

उत्तर स्कॉटलंडच्या गावांनी एके काळी माणसे गमावली. आज माणसे तेथे पुन्हा येत आहेत, पण बहुतेक चार दिवसांसाठीच. त्यांच्या येण्यामुळे गावातील तरुणांना गावातच राहणे शक्य झाले, तरच या मार्गाचा मूळ हेतू सफल झाला असे म्हणता येईल. कोणत्याही पर्यटन मार्गाच्या यशाचे मोजमाप याच कसोटीवर व्हावयास हवे.