जिभेची नेमणूक

तळोजे पांचनंद स्थानकाकडून पेंधरच्या मेट्रो स्थानकाच्या दिशेने सकाळी सातच्या सुमारास निघाले, म्हणजे रस्त्याच्या एका अंगाने रात्रपाळी आटोपून औद्योगिक वसाहतीतून परतणारे कामगार आणि दुसऱ्या अंगाला गळ्यात टाय अडकवून शाळेच्या बसची वाट पाहणारी मुले दिसू लागतात. एके काळच्या आगरी भातशेतीवर सिडकोच्या उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि इमारतींपाठोपाठ इंग्रजी माध्यमाच्या शाळा आल्या. अशा शाळेतून इंग्रजी शिकवणाऱ्या बाई साताऱ्याच्या असतील, जळगावच्या असतील किंवा केरळातल्या असतील. त्यांच्यापाशी पदवी असते, बी.एड.चे प्रमाणपत्र असते आणि पन्नास-साठ मुलांचा वर्ग नुसत्या नजरेने आवरण्याची विद्याही असते. परंतु ह्याच बाईंनी दक्षिण कोरियातील एखाद्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवावयास जाण्याचे मनात आणले असते, तर २००९ पर्यंत त्यांचा अर्ज दप्तरी दाखलच झाला नसता. कारण त्या कामासाठी लागणारा ‘ई-२’ नावाचा परवाना अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका ह्या सातच देशांच्या नागरिकांना मिळत असे.

भारत आणि कोरिया ह्यांच्यात ७ ऑगस्ट २००९ रोजी व्यापाराचा एक सर्वंकष करार झाला आणि १ जानेवारी २०१० पासून तो अमलात आला. पोलाद, मोटारी आणि जकातीच्या कोष्टकांनी भरलेल्या त्या करारनाम्यात भारतीयांना शाळांमध्ये साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून येऊ देण्याचे एक कलम होते. मात्र सात देशांच्या तरुणाला कोणत्याही विषयाची पदवी पुरत असता भारतीयाने अध्यापनाचे प्रमाणपत्रही दाखवावे, अशी अट त्याला जोडलेली होती. ज्याच्याकडे भाषा जन्माने आली त्याला ती शिकवता येते की नाही हे कोणी विचारावयाचे नाही, आणि ज्याने ती कष्टाने मिळवली त्याने मात्र दाखला आणावयाचा, हा न्याय मला तरी विचित्र वाटतो. कोरियन भाषेत अशा परकी शिक्षकाला ‘वॉनोमिन’ म्हणतात, म्हणजे मूळ भाषेचा माणूस. नेमणूक त्याची होत नाही. ती त्याच्या जिभेची होते.

ह्या जिभेचा दिनक्रम कसा असतो ते पाहण्यासारखे आहे. कोरियन सरकारने १९९५ मध्ये परकी शिक्षक आणण्याची योजना सुरू केली, आणि तिचा करार साधारणतः एका वर्षाचा असतो; आठवड्याला सुमारे २२ तासिका, राहावयास एक लहानशी खोली, आणि सोबतीला त्याच वर्गात उभा राहणारा कोरियन सहशिक्षक. मार्चमध्ये शाळेचे वर्ष सुरू होते. दारात बूट काढून सपाता चढवाव्या लागतात, वडीलधाऱ्या सहकाऱ्यापुढे कमरेत वाकावे लागते, आणि तास नसला तरी शिक्षकांच्या दालनात आपल्या मेजाशी बसून राहावे लागते. सुटीत विद्यार्थी नसतानाही ही हजेरी चुकत नाही. आपल्याकडे ज्याला खुर्ची उबवणे म्हणतात तो प्रकार तेथे करारातच बसवलेला आहे. दुपारी मुलांच्या बरोबरीने भात, सूप आणि किमची. त्या किमचीतही बहुधा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क असतो, त्यामुळे शाकाहारी पाहुण्याची पंचाईत होते. जवळ्यावर वाढलेल्या आमच्या तळोज्याच्या आगरी माणसाची होणार नाही, हा भाग वेगळा.

शिक्षकाला कोरियन मुले नावाने हाक मारीत नाहीत. ‘सॉन्सेंग’ म्हणजे शिक्षक, आणि त्यापुढे आपल्या ‘जी’सारखा आदरार्थी ‘निम’. त्या संबोधनाचेच शब्दशः भाषांतर करून ती परक्या गुरुजींना नुसते ‘टीचर!’ म्हणून बोलावतात; ह्यात उद्धटपणा मुळीच नसतो, तरी नवखा इंग्रज पहिल्या आठवड्यात दचकतो. आमच्या मुलांच्या ‘बाई’ आणि ‘सर’ ह्या हाकांची सवय असलेल्या मराठी माणसाला त्यात वावगे वाटू नये. उच्चारांतही तो चटकन समजून घेईल. लागोपाठची व्यंजने कोरियन जिभेला मानवत नाहीत, म्हणून ‘स्ट्राइक’ हा एकाक्षरी इंग्रजी शब्द तेथे सु-तु-रा-इ-कु असा पाच अक्षरांत पसरतो. आपल्या आज्यांनी स्कूलचे ‘इस्कूल’ आणि स्टेशनचे ‘ठेसन’ केले, त्याच घराण्यातले हे कसब होय.

गोची आहे ती निराळीच. परकी शिक्षक एका तुकडीला बहुधा आठवड्यातून एकदा, पन्नास मिनिटे भेटतो आणि मुलांनी बोलावे म्हणून खेळ, संवाद, चित्रे असा सरंजाम मांडतो. मुलांना मात्र विद्यापीठप्रवेशाच्या ज्या परीक्षेवर पुढचे सारे आयुष्य टांगलेले, त्या ‘सुनुंग’मध्ये बोलण्याला गुणच नाहीत. तिच्यातील इंग्रजीचे ४५ प्रश्न ७० मिनिटांत सोडवावयाचे, त्यांपैकी १७ ऐकून आणि बाकीचे वाचून. व्याकरणाच्या आणि उताऱ्यांच्या अवघड वाटा कोरियन शिक्षक तुडवून घेतो. रात्री दहापर्यंत शाळेत स्वाध्याय किंवा खाजगी शिकवणी करून आलेला अंतिम वर्षाचा मुलगा परक्याच्या तासाला बाकावर डोके टेकून झोपतो, आणि सहशिक्षक त्याला न उठवण्याची दयाही दाखवतो. अशा वर्गात उत्साहाने उभा राहणारा माणूस विनोदी दिसतो की करुण, हे पाहणाऱ्यावर अवलंबून आहे.

ह्या प्रकरणातून आपणही गेलेलो आहोत. एल्फिन्स्टन संस्थेसाठी ऑर्लेबार आणि हार्कनेस हे प्राध्यापक १८३५ मध्ये विलायतेहून मुंबईस रुजू झाले, तेव्हा ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर १८३४ पासूनच तेथे साहाय्यक प्राध्यापक म्हणून नेमलेले होते. मूळ भाषेचा माणूस आणि त्याचा देशी सहशिक्षक, ही जोडी आपल्या इलाख्यात तेव्हाच जमली होती. पुण्याच्या सरकारी महाविद्यालयाचे प्राचार्यपद १८५७ च्या सुमारास एडविन अर्नोल्डकडे आले, आणि इंग्रजी शिकवावयास आलेल्या ह्या कवीने पुढे बुद्धचरित्रावर काव्य रचले व गीता इंग्रजीत नेली. तथापि साहेबाच्या जिभेचे माहात्म्य फार काळ टिकले नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक ह्यांनी १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. नावातच इंग्रजी असलेल्या त्या शाळेत शिकवणारे मात्र सारे देशी होते, आणि परकी उच्चारावाचून त्यांचे काही अडले नाही.

कोरियात राजाज्ञेने १८८६ मध्ये उमरावांच्या मुलांसाठी इंग्रजी शाळा निघाली आणि तिच्यासाठी तीन अमेरिकन तरुण बोलावण्यात आले. त्यांतील होमर हल्बर्ट शिकवता शिकवता स्वतःच विद्यार्थी बनला. राजा सेजोंगने पंधराव्या शतकात निर्माण केलेल्या आणि विद्वानांनी हलकी म्हणून बाजूला सारलेल्या हंगुल लिपीवर त्याचा जीव जडला. जगाच्या भूगोलावर त्याने पाठ्यपुस्तक लिहिले ते ह्याच लिपीत. आमच्याकडे शिपाईगिरीसाठी आलेला मेजर थॉमस कँडी मराठीच्या कोशात आणि विरामचिन्हांत गुंतला, त्याच जातीची ही गुंतवणूक. जपानने कोरिया गिळण्यास आरंभ केल्यावर १९०७ मध्ये हल्बर्ट हेगच्या परिषदेपर्यंत त्या देशाची कैफियत घेऊन गेला. १९४९ मध्ये सोलला परतून काही दिवसांतच तो वारला, आणि त्याच्याच इच्छेप्रमाणे तेथील मातीत विसावला. कोरियातील शिक्षकदिन १५ मे रोजी, म्हणजे सेजोंगच्या जन्मदिनी असतो. लाचप्रतिबंधक कायद्याच्या धाकाने त्या दिवशी फूलसुद्धा वर्गप्रतिनिधीनेच सर्वांदेखत द्यावयाचे असते. ते इंग्रजीच्या परकी शिक्षकाला हंगुलकर्त्याच्या वाढदिवशी मिळते, ही गंमत हल्बर्टला आवडली असती.

नोव्हेंबरातील एका गुरुवारी सुनुंग येते. आमच्याकडे दहावीच्या पोराच्या हातावर दही-साखर ठेवतात. तेथे ‘चिकटून राहा’ म्हणून चिकट मिठाई देतात आणि घसरू नये म्हणून समुद्रशैवालाचे बुळबुळीत सूप वर्ज्य करतात. कचेऱ्या आणि शेअर बाजार तासभर उशिरा उघडतात, उशीर झालेल्या मुलाला पोलीस आपल्या मोटारसायकलवर घेऊन धावतात. दुपारी इंग्रजी श्रवणाचा भाग सुरू झाला, की सुमारे पस्तीस मिनिटे सबंध देशात विमानांचे उड्डाण आणि अवतरण तहकूब होते. उलव्याच्या नव्या विमानतळामुळे विमानाचा आवाज आता आम्हा पनवेलकरांनाही नित्याचा होईल, पण एका पेपरासाठी आकाश थांबवण्याची कल्पना येथे कोणी करणार नाही. परीक्षाकेंद्र झालेल्या शाळेतल्या परकी शिक्षकाला त्या दिवशी काम नसते. खोलीत चहा घेत बसलेल्या त्याच्या डोक्यावरचे आकाश निःशब्द झालेले असते, आणि तिकडे वर्गावर्गांतून ध्वनिक्षेपकावरून, आधीच मुद्रित करून ठेवलेला, अस्सल अमेरिकी उच्चाराचा एक आवाज सावकाश पहिला प्रश्न विचारू लागलेला असतो.