सुट्टीचे दिवस वगळून

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत दुपारचं एक जेवण रोज मोफत मिळेल, असं त्याचं पाचवं कलम सांगतं. त्याच वाक्यात शाळेच्या सुट्ट्यांचे दिवस वगळलेले आहेत. दोन वर्षांनी या जेवणाच्या योजनेचे नियम आले. एखाद्या दिवशी शाळेत जेवण शिजलंच नाही, तर मुलाला त्याबदली धान्य आणि पैसे द्यावेत, अशी चांगली तरतूद त्यांत आहे. पण तीही शाळा भरण्याच्या दिवसांपुरतीच. शिक्षणहक्क कायद्यानुसार हे दिवस पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२०. म्हणजे दुसरीतल्या मुलाला वर्षातले १६५ दिवस जेवण मिळालं नाही, तरी कायद्याचा भंग होत नाही.

यातले रविवार, सणवार आणि दिवाळीची सुट्टी सोडून देऊ. खरा प्रश्न सलग पडणाऱ्या तुकड्याचा आहे. महाराष्ट्रात मे उजाडला की शाळांना कुलपं लागतात ती जूनच्या मध्यापर्यंत. विदर्भात ऊन हटत नाही म्हणून आणखी उशिरापर्यंत. शाळेच्या आवारातच कित्येक ठिकाणी अंगणवाडी असते. तिथल्या पूरक आहाराचं नियोजन वर्षाला ३०० दिवसांचं. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाचा ३०० दिवसांच्या आहारावर हक्क आणि सहावं लागून ते पहिलीत गेलं की २०० दिवसांवर. वाढदिवसाला भूक शंभर दिवसांनी कमी होते, असं कुठल्याही आहारतज्ज्ञानं सांगितलेलं माझ्या वाचनात नाही.

अन्न शाळेच्या हजेरीपटाला बांधलं गेलं, ते मुळात पोट डोळ्यांसमोर ठेवून नव्हे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्रानं ही योजना आणली, तेव्हा बहुतेक राज्यांत शिजवलेलं अन्न नव्हतंच. महिन्याला तीन किलो धान्य मुलाच्या घरी जायचं आणि त्यासाठी ८० टक्के हजेरी लागायची. मुलं शाळेत यावीत, टिकावीत, हा हेतू. धान्य हे आमिष. हेतू वाईट नव्हता, आणि पटसंख्या वाढवण्याचं काम शाळेतल्या जेवणानं पुढे केलंही. पण आमिषाचा हिशेब असा असतो की जिथे हजेरी नाही तिथे आमिष कशाला? उन्हाळ्याची सुट्टी या हिशेबात कधी बसलीच नाही.

ती बसवली न्यायालयानं. २००१ मध्ये राजस्थानात दुष्काळ होता आणि अन्न महामंडळाची गोदामं धान्यानं भरलेली होती. या विसंगतीवर पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशानं शाळेत शिजवलेलं जेवण देणं बंधनकारक झालं : किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षाला किमान २०० दिवस. आपल्याकडच्या शाळांत खिचडी रुजली ती त्यानंतर. याच खटल्यात २० एप्रिल २००४ रोजी न्यायालयानं आणखी एक पाऊल टाकलं. दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुट्टीतही जेवण द्या, असं सांगितलं. स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या, हेही त्याच आदेशात आहे.

बारा वर्षांनी तेच पुन्हा सांगावं लागलं. २०१६ चा उन्हाळा मराठवाडा विसरणार नाही. १२ एप्रिलला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे पोचली. देशातल्या बारा राज्यांतल्या दुष्काळावर स्वराज अभियान या संघटनेनं केलेल्या याचिकेत १३ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दुष्काळी भागांत सुट्टीतल्या जेवणाचा आदेश दिला. आठवड्यातून किमान तीन दिवस अंडं, दूध किंवा तशा पोषणमूल्याचं काहीतरी द्या, अशीही त्यात भर होती. तारीख पाहा : १३ मे. आपल्या शाळा बंद होऊन दोन आठवडे होत आले होते. २०१८ च्या ३१ ऑक्टोबरला महाराष्ट्रानं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

आदेश निघाल्यावर गावात काय होतं, ते शाळेच्या बाजूनं पाहू. मार्च-एप्रिलमध्ये मुख्याध्यापकानं शिल्लक तांदूळ आणि कडधान्याचा हिशेब लावलेला असतो, कारण सुट्टीत राहिलेल्या तांदळाला कीड लागते. मे महिन्याचा माल मागवलेला नसतो. शिक्षक परगावचे, त्यांची सुट्टी ही नोकरीची ठरलेली अट, आणि तिच्या बदल्यात त्यांना इतर कर्मचाऱ्यांसारखी अर्जित रजा मिळत नाही. त्यांतले काही निवडणुकीच्या किंवा इतर सरकारी कामाला जुंपलेले. मग खिचडी शिजवायला बसवायचं कुणाला, रोजची संख्या भरायची कुणी? आणि पाणी? ऐंशी मुलांची खिचडी शिजवायला, ताटं धुवायला, प्यायला पाणी लागतं. ज्या गावात टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लागलेत, तिथे ते शाळेला आधी मिळेल याची खात्री नाही. दुष्काळ आहे म्हणून जेवण द्यायचं आणि दुष्काळ आहे म्हणूनच ते शिजवणं कठीण.

हे सगळं जुळलं तरी अधिकाऱ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं : मुलं येतच नाहीत. ते खोटं नाही. काही मामाच्या गावाला जातात, काही आईबापांबरोबर कामावर. पण गावातच असलेली मुलंही कमी येतात, आणि त्याचं कारण मला उन्हापेक्षा वेगळं वाटतं. जूनमध्ये शाळेच्या व्हरांड्यात पंगत बसते तेव्हा कोण भुकेनं खातंय आणि कोण सगळे खातात म्हणून, हे कळत नाही. सरपंचाचा नातू आणि शेतमजुराची मुलगी एकाच ओळीत. शाळेतल्या जेवणाची ही फार मोठी ताकद आहे आणि ती कुठल्याही उष्मांकाच्या तक्त्यात येत नाही. मे महिन्यात, ना वर्ग ना घंटा, बारा वाजता ताट घेऊन शाळेच्या फाटकाशी जाणारं मूल अख्ख्या गावाला आपल्या घरची चूल दाखवत असतं. दहा-बारा वर्षांच्या मुलांना, विशेषतः मुलींना, हे फार लवकर कळतं.

हा अनुभव फक्त आपला नाही. अमेरिकेत उन्हाळी जेवणाचा सरकारी कार्यक्रम १९६८ पासून या ना त्या रूपात चालू आहे. ज्या वस्तीतली निम्मी किंवा अधिक मुलं सवलतीच्या जेवणाला पात्र, तिथे बागेत, वाचनालयात, चर्चमध्ये केंद्र उघडतं आणि अठरा वर्षांपर्यंतचं कुणीही मूल अर्ज न करता जेवू शकतं. लाज टाळण्याची युक्ती चांगली. पण अन्न तिथेच बसून खायचं, घरी न्यायचं नाही, अशी अट होती. विखुरलेल्या ग्रामीण भागात, जिथे उन्हाळ्यात शाळेची बस नाही, तिथे ही अट म्हणजे जवळजवळ नकारच. शाळेच्या दिवसांत मोफत किंवा सवलतीत जेवणाऱ्या सात मुलांपैकी साधारण एकच उन्हाळ्याच्या जेवणापर्यंत पोचायचं. करोनाकाळात अट शिथिल झाली आणि २०२४ च्या उन्हाळ्यापासून पात्र मुलामागे महिन्याला ४० डॉलर कार्डावर जमा करण्याची कायमची योजना सुरू झाली. काही राज्यांनी ती नाकारली, हेही तिथलंच राजकारण. इंग्लंडमध्ये २०२० साली फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्डनं आपल्या लहानपणच्या भुकेविषयी उघड लिहिलं, आणि सुट्टीत जेवणाची मदत न देण्याचा निर्णय सरकारला १६ जूनला फिरवून उन्हाळ्यासाठी १२ कोटी पौंडांची तरतूद करावी लागली. पुढे तिथे सुट्टीतल्या जेवणाला खेळ आणि उपक्रमांची जोड दिली गेली. मूल खेळायला येतं, जेवण बरोबर असतं. पंगतीची ओळ त्यांनी वेगळ्या मार्गानं परत आणली.

पैसे देण्याचा प्रयोग आपणही केला. करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात केंद्रानं सुट्टीतल्या आहारासाठी सुमारे १,६०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. दुष्काळाची अट न घालता देशभर उन्हाळी सुट्टी आहारात धरली जाण्याची ती दुर्मीळ वेळ. पुढच्या वर्षी रक्कम थेट खात्यात देण्याचं ठरलं. महाराष्ट्रात सुट्टीतल्या ३५ दिवसांचे पहिली ते पाचवीच्या मुलाला १५६ रुपये आणि सहावी ते आठवीच्या मुलाला २३४ रुपये असा हिशेब निघाला, आणि त्यासाठी प्रत्येक मुलाचं बँक खातं मागितलं गेलं. बँकेपर्यंतचं एसटीचं तिकीट, छायाप्रती, बुडालेली मजुरी धरली तर कित्येक घरांना हे १५६ रुपये तोट्यातच पडणार होते. दिवसाला साडेचार रुपयांच्या आसपासची ही रक्कम केवळ शिजवण्याच्या खर्चाची. पंचवीस-पन्नास मुलांसाठी एकत्र डाळ घेताना त्या रकमेला काही अर्थ असतो. एकट्या मुलाच्या हातात तिचं काहीच येत नाही.

मराठवाडा आणि शेजारच्या भागातल्या ऊसतोड कुटुंबांकडे पाहिलं की हा सगळा हिशेबच उलटा पडतो. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगरचे पाथर्डी-शेवगाव इथून दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे सांभाळायला कुणी नसेल तर मुलंही बरोबर. गाळपाचा हंगाम म्हणजे शाळेचा ऐन काळ, आणि त्या काळात मूल फडात, पाचटाच्या कोपीत. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप थांबतं, कुटुंब गावी येतं आणि मूल शाळेच्या पायरीवर पोचेपर्यंत शाळा सुट्टीच्या दारात असते. शिजणारी खिचडी आणि हे मूल यांची वर्षभर चुकामूक होते. सरकारनं यावर उपाय केलेच नाहीत असं नाही. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, स्थलांतरित मुलाला कुठल्याही शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. दोन्ही हंगामापुरते. हंगाम संपला, आईबाप परत आले, की मूल ‘घरी पोचलं’ अशी नोंद होते. घरी मे महिन्यात उचल फिटता फिटता काय उरलं, हे त्या नोंदीत नसतं.

दुष्काळात अन्न कुठे न्यायचं, याचा एक धडा महाराष्ट्राकडे फार आधीपासून आहे. १९७२ च्या दुष्काळातल्या माणसांशी बोला; मिलो ही आयात ज्वारी आणि सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ, हे दोन शब्द निघतातच. खडी फोडणाऱ्या आणि नालाबांध घालणाऱ्या बायांच्या मुलांच्या हातात सुकडी पडली, कारण अन्न कामाच्या जागी नेलं गेलं होतं. मुलांनी त्यासाठी कुठल्या इमारतीत यायचं नव्हतं. पुढे रोजगार हमीच्या कामांवर पाळणाघराची तरतूद आली ती सहा वर्षांखालच्यांसाठी. त्यांच्या वरची मुलं पुन्हा सुटलीच.

स्वयंपाक करणाऱ्या बायका या चर्चेत क्वचित येतात. केंद्राच्या निकषानं स्वयंपाकी तथा मदतनीसाला महिन्याला १,००० रुपये मानधन, त्यात ६०० केंद्राचे आणि बाकीचे राज्याचे, आणि वर्षातले दहाच महिने. हा आकडा २००९ चा. राज्यांनी आपापली भर टाकली, पण बहुतेक ठिकाणी दहा महिने तसेच राहिले. या बायकांतल्या कित्येक विधवा, परित्यक्ता, भूमिहीन घरातल्या. म्हणजे मे-जूनमध्ये ज्या मुलांचं जेवण बंद होतं, त्यांतली काही त्यांचीच. भांडी तीच, शेगडी तीच, हातही तेच, आणि ते मे महिन्यात मोकळे. त्यांना बारा महिन्यांचं मानधन द्या, ही त्यांच्या संघटनांची मागणी कामगारप्रश्न म्हणून फायलीत पडते. माझ्या मते ती पोषणाची सर्वांत स्वस्त योजना आहे.

पाचव्या कलमातली सुट्ट्यांची अट काढायची तर संसदेत जावं लागेल. राज्याला मात्र तेवढं थांबायची गरज नाही. याच कायद्याचं ३२ वं कलम राज्यांना स्वतःच्या पैशातून जास्तीचा लाभ द्यायला मोकळीक देतं. दुष्काळाची घोषणा हीच एकमेव किल्ली असण्याचंही कारण नाही. ती पाऊस, पिकांची स्थिती, भूजल यांवर ठरते, आणि मजुराच्या घरातला मे महिना चांगल्या पावसाच्या वर्षीही तसाच असतो. स्थलांतराचे तालुके शिक्षण खात्याला ठाऊक आहेत, हंगामी वसतिगृहांच्या याद्याच ते सांगतात. तिथे अंगणवाडीच्या चुलीवर सहा ते चौदाच्या मुलांचं जेवण शिजवता येईल, आणि सोबत वाचनालय, पोहणं, खेळ असं काही ठेवलं तर नुसतं ताट घेऊन यायची वेळ कुणावर येणार नाही. राज्याची वार्षिक कार्ययोजना आणि अंदाजपत्रक मंजुरीसाठी दिल्लीला जातं, त्यात मुलांची संख्या, दिवसांची संख्या आणि धान्याची मागणी असे रकाने असतात. दिवसांच्या रकान्यात मे आणि जूनचे पंधरवडे धरायचे की नाहीत, हे मे महिन्यात न्यायालयात जाऊन नव्हे, ते कागद भरतानाच ठरवावं लागेल.