आजीच्या ओव्या कॉम्प्युटरवरून टिपताना

ओव्या म्हणणारी आजी खानदेशात, आपण कडोदऱ्यात. भेट कॉम्प्युटरवरच्या कॉलवर. तो आवाज टिपायला स्पीकरसमोर मोबाइल धरू नका, पंख्याची घरघरही त्यात येते. विंडोजवर मोफत ऑडॅसिटी उघडा, ऑडिओ सेटअपमध्ये होस्ट ‘विंडोज वासापी’ निवडा आणि रेकॉर्डिंग डिव्हाइस म्हणून हेडफोनच्या नावापुढे ‘लूपबॅक’ लिहिलेले असेल ते घ्या. मग आतला आवाज थेट नोंदला जातो. तुमचा ‘हं, पुढे म्हण’ त्यात येत नाही, हे बरेच. एक्सपोर्ट फ्लॅकमध्ये करा. वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १० एमबी घेते. फ्लॅक त्याहून कमी, आणि गळत काहीच नाही. एमपी-थ्रीत गळते. कॉलमध्येच तुटलेला सूर मात्र कशानेच परत येत नाही, म्हणून तेवढा वेळ घरातले इतर मोबाइल वायफायवरून काढा. आणि आधी आजीला विचारा.