गोरेपणाचे मलम आणि मूत्रपिंड

लग्नसराई जवळ आली की माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. मुलगी अंग चोरून बसलेली असते आणि बोलते तिची आई. ‘डॉक्टर, बाकी सगळं छान आहे हो, पण रंग थोडा उजळला तर बरं!’ ताप नाही, दुखणे नाही. माझ्या मते इथे आजारी कोणी असेल तर ‘गोरी वधू पाहिजे’ अशी जाहिरात देणारे.

त्वचेला रंग येतो तो मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे. ते बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. त्या किती व कोणत्या प्रकारचे रंगद्रव्य बनवतात हे मुख्यतः आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरते. गरोदरपणी केशराचे दूध प्यायल्याने मूल गोरे होत नाही. (दूध जरूर प्यावे, केशराच्या पैशात डाळी, शेंगदाणे, पालेभाज्या आणाव्यात.) शिवाय मेलॅनिन उन्हातील अतिनील किरणांपासून त्वचेचे रक्षण करते. आपल्या मुलखात ती निसर्गाने दिलेली छत्रीच म्हणायची.

उलट गोरी म्हणून जिचे कौतुक होते, ती कधी कधी नुसती पांढरीफटक असते. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली की रक्त कमी असल्याचे कळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पाहुण्यांनी रंगाऐवजी मुलाचे आणि मुलीचे, दोघांचेही हिमोग्लोबिन विचारले तर चहा माझ्याकडून!

आता मलमांकडे वळू. दोन पदार्थांची मला भीती वाटते. पहिला स्टिरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही इसब, सोरायसिस यांवरची चांगली औषधे आहेत. ती गोरे होण्यासाठी महिनोन्महिने चेहऱ्यावर चोळली की आधी चेहरा उजळतो, आणि फसगत होते ती इथेच. पुढे त्वचा पातळ व लाल होते, मुरमे येतात, लव वाढते, उन्हात आग होते. मलम थांबवले की आग आणखी वाढते, म्हणून बाई पुन्हा ट्यूब उघडते. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी मैत्रिणीने नाव सांगितले म्हणून ट्यूब घेऊन आलेल्या मुली मला आजही भेटतात.

दुसरा पदार्थ पारा. तो मेलॅनिन बनण्याची क्रियाच रोखतो, त्यामुळे रंग झपाट्याने उतरतो. पण त्वचेतून तो रक्तात जातो आणि मूत्रपिंडांत साचतो. मूत्रपिंडाची चाळणी बिघडून लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. २०२३ मध्ये अकोल्यातील एकाच घरातल्या तिघींना असा विकार झाल्याचे उघडकीस आले. तिघी एकच क्रीम वापरत होत्या आणि मुंबईच्या तपासणीत त्या क्रीममध्ये भरमसाट पारा सापडला. केरळातल्या डॉक्टरांनाही असेच रुग्ण आढळले आहेत. डोळ्यांची प्रसाधने सोडली तर दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त पारा आपल्या कायद्याला चालत नाही. म्हणून ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक किंवा घटकांची यादी नाही, ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

अशी डबी घरात असेल तर आजच बंद करावी. सकाळी चेहरा सुजणे, पाय सुजणे, लघवीला फेस येणे यांपैकी काही असेल तर लघवीची साधी तपासणी करून घ्यावी. वेळीच कळले तर पारा बंद केल्यावर बरेच रुग्ण सुधारतात. स्टिरॉइडचे मलम बरेच दिवस लावत असाल तर मात्र ते स्वतःच्या मनाने एकदम थांबवू नका; ते कसे सोडायचे हे त्वचारोगतज्ज्ञ सांगतील. डॉक्टरांकडे जाताना वापरलेली ट्यूब किंवा डबी बरोबर न्या, रिकामी झाली असली तरी.