सायकल जेव्हा प्रवासी होते

सायकल माणसाला वाहून नेते, हे आपण सर्वजण जाणतो. परंतु काही वेळा माणसालाच सायकल वाहून न्यावी लागते. एके काळी एस. टी.च्या टपावर सायकल चढवून, दोरीने आवळून ती गावी नेली जात असे. आज सायकलीचा एक नवा प्रकार प्रचारात आला आहे. तो म्हणजे विजेवर चालणारी डोंगरी सायकल. युरोप-अमेरिकेत ती कुटुंबाच्या व्हॅनमध्ये घालून डोंगराच्या पायथ्यापर्यंत नेतात. आपल्याकडेही विजेच्या सायकली विकल्या जाऊ लागल्या आहेत, आणि सह्याद्री तर आपल्या उशालाच आहे. तेव्हा हा प्रश्न आज ना उद्या आपल्याही दारात येणार.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रावर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ज्या गाडीत ही सायकल ठेवायची त्याच गाडीत आईवडील आणि लहान भावंडे बसलेली असतात. म्हणून हा विषय केवळ यंत्राचा उरत नाही.

जन्मकथा

डोंगरी सायकलीचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरीन परगण्यात झाला. तेथील टॅमलपाइस डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकलींवरून उतारावर शर्यती लावीत. या 'रिपॅक' शर्यतींना १९७६ साली सुरुवात झाली. उतरताना ब्रेक इतके तापत की मागच्या चाकाच्या तुंब्यातील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून हे नाव पडले. पुढे १९७७ मध्ये जो ब्रीझ याने डोंगरासाठीच म्हणून सायकल बनवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर व चार्ली केली यांनी अशा सायकलींचा व्यवसाय थाटला.

हे तरुण आपल्या सायकली उघड्या मालमोटारीतून डोंगरमाथ्यावर नेत. म्हणजे सायकल गाडीतून नेणे ही या खेळाच्या जन्माबरोबरचीच गोष्ट आहे. पण तेथे सायकल मागच्या हौद्यात असे. आज ती माणसांच्याच खोलीत येऊन बसली आहे, आणि सोबत तिने बॅटरी आणली आहे. सारा फरक या दोन गोष्टींचा आहे.

ओझे केवढे?

साधी डोंगरी सायकल १२ ते १५ किलोंची असते. विजेची २० ते २५ किलो भरते, म्हणजे जवळजवळ सिमेंटच्या अर्ध्या पोत्याइतकी. त्यातील ३ ते ४ किलो एकट्या बॅटरीचे. युरोपीय संघाच्या नियमानुसार अशा सायकलीची मोटर २५० वॅटची असते, आणि ताशी २५ किलोमीटरनंतर ती मदत करणे थांबवते. बॅटरीत साधारण ५०० ते ७५० वॅट-तास वीज मावते. आपल्या वीजबिलाच्या भाषेत सांगायचे तर अर्धा ते पाऊण युनिट. ऐकायला हे थोडे वाटते. परंतु प्रवासी विमानात १६० वॅट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी सामानात नेण्यास मनाई आहे. साहजिकच ही सायकल रस्त्यानेच न्यावी लागते.

मग ती गाडीच्या मागे चौकटीवर का अडकवू नये? अडकवतातही. पण दोन सायकली आणि चौकट मिळून साठ किलोंच्या वर भार होतो, आणि तो मागच्या चाकांच्याही पलीकडे लोंबतो. बैलगाडीत ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते, हे खेड्यातल्या मुलाला सांगावे लागत नाही. मोटारीलाही तोच न्याय लागू आहे. शिवाय पाऊस, धूळ आणि चोरी यांची धास्ती असतेच. म्हणून पुष्कळजण सायकल आत घेणे पसंत करतात.

आत कशी बसवावी?

मोठ्या, म्हणजे २९ इंची चाकाची सायकल साधारण १९५ सेंटिमीटर लांब असते. पुढचे चाक काढले की लांबी १६० च्या आसपास येते आणि पुढचा भाग खालीही बसतो. म्हणून पुढचे चाक काढणे ही पहिली पायरी. हँडल मात्र ७५ ते ८० सेंटिमीटर रुंद असते. दारातून अडते ते बहुधा तेच. ते थोडे फिरवून घ्यावे. गाडीची आतली जागा मोजण्याआधी दाराची उंची मोजावी, कारण पुष्कळ गाड्यांत दार आतल्या जागेपेक्षा ठेंगणे असते.

उचलण्यापूर्वी वीज बंद करून बॅटरी काढावी. चाकही काढल्यावर ओझे बरेच हलके होते. तरीही दोघांनी मिळून, गुडघे वाकवून उचलावे. चाक काढल्यावर ब्रेकची मूठ दाबू नये. या सायकलींचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. मधली तबकडी नसताना मूठ दाबली, तर ब्रेकच्या दोन्ही गाद्या एकमेकींना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. त्यांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा अडकवून ठेवावा. सायकल शक्यतो उभीच ठेवावी. लाकडी फळीवर पकड ठोकून तिच्यात पुढचा चिमटा आवळला की ती सरळ उभी राहते. आडवी ठेवणे भागच असेल तर डाव्या कुशीवर ठेवावी, कारण साखळी आणि गिअरची नाजूक यंत्रणा उजव्या बाजूस असते.

बांधणे

आता मुख्य मुद्दा. गाडी थांबते तेव्हा तिच्यातील वस्तू आपोआप थांबत नाही, हा न्यूटनचा नियम आपण शाळेत पाठ केला. तो येथे प्रत्यक्ष भेटतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळली, तर मोकळी सायकल त्याच वेगाने पुढे जाते. हा वेग म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूचा वेग. तिसऱ्या मजल्यावरून कोणी २४ किलोंची लोखंडी वस्तू खाली टाकली तर तिच्याखाली आपण उभे राहू का? न बांधलेल्या सायकलीपुढे बसणे म्हणजे तेच होय.

जर्मनीच्या वाहतूक नियमात असे बंधन आहे की, अचानक ब्रेक लावला किंवा गाडी एकाएकी वळवली तरी माल सरकता किंवा पडता कामा नये. याच कसोटीवर आपले बांधणे तपासावे. सायकल बसलेल्या माणसांच्या पाठीमागे ठेवावी. मधल्या आसनाची पाठ उभी राहू द्यावी, म्हणजे ती भिंतीचे काम करते. गाडीच्या तळाशी लोखंडी कड्या असतात. त्यांतून पट्टे घेऊन सायकल पुढून आणि मागून, दोन्ही दिशांनी ताणून बांधावी. पट्टा सांगाड्याला घालावा. तारा आणि तेलाच्या नळ्या यांवर तो येऊ देऊ नये. सुटे केलेले चाकही बांधावे, ते विसरले जाते.

बॅटरी

लिथियम बॅटरीचा शोध इतका महत्त्वाचा की २०१९ साली त्यासाठी तिघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र तिला आदळणे, पाणी आणि अती उष्णता सोसत नाही. आतील पडदा फाटला तर तिची उष्णता आपणच आपल्याला वाढवीत जाते, विषारी धूर येतो आणि ती पेटते. म्हणून काढलेली बॅटरी कठीण पेटीत, कापडात गुंडाळून, तिची टोके झाकून ठेवावी. वैशाखाच्या उन्हात बंद गाडीत ती सोडून जाऊ नये. चालत्या गाडीत तिला वीज भरू नये. पडलेली किंवा फुगलेली बॅटरी तर माणसांच्या गाडीत मुळीच घेऊ नये. धूर दिसलाच तर सामान वाचविण्याचा मोह टाळावा. गाडी थांबवून सर्वांनी दूर जावे आणि अग्निशामक दलाला कळवावे.

एवढे सारे करायला सवय झालेल्या माणसाला फारसा वेळ लागत नाही. आपल्याकडे पाहुण्याला घरात घेतले की त्याला नीट बसवल्याशिवाय यजमान बसत नाही. सायकल टपावर होती तोवर ती ओझे होती. माणसांच्या गाडीत आली की तीही एक प्रवासी झाली. इतर प्रवासी पट्टा बांधून बसणार असतील, तर तिलाही पट्टा बांधल्याखेरीज गाडी सुरू करू नये, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.