उघडता येणारी गाडी

१९७० च्या दशकात जपानमधील शिझुओका शहरात शुनसाकु तामिया या गृहस्थांनी पोर्शे ९११ ही महागडी मोटार विकत घेतली आणि तिचे भाग एकेक करून सुटे केले. गाडी बिघडलेली नव्हती. वडिलांनी १९४६ मध्ये लाकडाच्या व्यवसायापासून सुरू केलेली त्यांची कंपनी तोवर प्लास्टिकच्या प्रतिकृतींसाठी प्रसिद्ध झाली होती. पोर्शेची प्रतिकृती करायची तर छायाचित्रे पुरेशी नाहीत, गाडी उघडूनच पाहिली पाहिजे, असे त्यांना वाटत होते. या खटाटोपातून पोर्शे ९३४ ची मूळ गाडीच्या एकबारांश आकाराची प्रतिकृती तयार झाली. १९७६ मध्ये तीच गाडी मोटर, बॅटरी आणि रेडिओ घालून बाजारात आली. तामिया कंपनीची ही पहिली रेडिओ-नियंत्रित गाडी.

आता आपल्याकडचे चित्र पाहू. दिवाळीत घरात आलेली रिमोटची गाडी तुळशीच्या लग्नापर्यंत टिकली तरी पुष्कळ, असा बहुतेक घरांचा अनुभव असतो. एके दिवशी चाक फिरेनासे होते. घरातले कोणीतरी खालचे चार स्क्रू काढून पाहते. आत एक छोटी सर्किटची पट्टी, तिला चिकटवलेल्या तारा आणि दाता तुटलेले एक पांढरे चाक दिसते. तसे चाक कुठेच विकत मिळत नाही. गाडी माळ्यावर जाते आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारात निघते.

या दोन गाड्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची जात वेगळी आहे. पहिलीला छंदाच्या दर्जाची गाडी म्हणतात, दुसरी निव्वळ खेळणे. फरक वेगात आहे असा सर्वसाधारण समज असतो. पण काही खेळणी चांगली पळतात आणि काही छंदगाड्या बेताच्याच पळतात. खरा फरक असा की छंदाच्या गाडीतील प्रत्येक भाग सुटा होतो, त्याला क्रमांक असतो आणि तो क्रमांक सांगून तो एकटा भाग विकत घेता येतो. या छंदातील जुळणी, निगा आणि शिकणे या सगळ्यांचा पाया हाच आहे.

पन्नास-साठ वर्षांची वाट

रेडिओलहरींनी वस्तू दुरून चालवण्याची कल्पना मोटारींच्या प्रतिकृतींहून बरीच जुनी. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक छोटी बोट बिनतारी आदेशांवर चालवून दाखवली होती. मोटारीची पाळी आली ती ट्रान्झिस्टरने रेडिओसंच लहान आणि हलका केल्यावर. १९६६ मध्ये इटलीतील रेज्जो एमिलिया येथील एका कंपनीने फेरारी २५० एलएमची रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती विकायला काढली. विक्रीसाठी आलेल्या अशा गाड्यांत ती सर्वांत आधीची मानली जाते.

पुढचा मोठा टप्पा १९८४ चा. त्या वर्षी तामियाने ‘ग्रासहॉपर’ ही साधी, स्वस्त आणि दणकट गाडी आणली. असंख्य मुलांनी आयुष्यातला पहिला स्क्रू या गाडीवर आवळला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील असोसिएटेड कंपनीने रॉजर कर्टिस यांनी आखलेली ‘आरसी१०’ आणली. सोनेरी मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमचा सांगाडा, चारही चाकांना स्वतंत्र झुलती बाहू आणि तेल भरलेले लांब शॉक अॅब्सॉर्बर ही तिची वैशिष्ट्ये. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेल मार येथे या आकाराच्या कच्च्या रस्त्यावरील गाड्यांची पहिली विश्वस्पर्धा झाली. तिच्यात दोन चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांच्या गटात आरसी१० चालवणारा जय हॅल्सी जिंकला. पुढे २००५ मध्ये ग्रासहॉपर आणि २०१३ मध्ये आरसी१० नव्याने बाजारात आल्या, तेव्हा लहानपणीची गाडी पुन्हा जोडायला चाळिशी ओलांडलेले लोकही पुढे आले.

खोक्यात गाडी नसते

अशा गाडीचा संच उघडला की आत गाडी दिसतच नाही. प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले भाग, स्क्रूच्या पिशव्या, ग्रीसची छोटी नळी आणि चित्रमय पुस्तिका एवढेच हाती लागते. पुस्तिकेत प्रत्येक पायरीला लागणारे स्क्रू खऱ्या मापात छापलेले असतात. हातातला स्क्रू चित्रावर ठेवायचा, जुळला तर तोच.

पहिला धडा स्क्रूचाच मिळतो. जपानी संचांतील फुलीच्या स्क्रूची खाच जपानी मानकाप्रमाणे, म्हणजे जेआयएसप्रमाणे, असते. ती नेहमीच्या फिलिप्स खाचेसारखी दिसते, पण तिचा कोन थोडा वेगळा असतो. साधा स्क्रू ड्रायव्हर तिच्यात नीट बसत नाही, घसरतो आणि डोके खराब करतो. दुसरा धडा आट्यांचा. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू स्वतःच आटे पाडत आत जातो, त्यामुळे जास्त आवळला की आटे जातात. काढलेला स्क्रू पुन्हा बसवताना तो आधी हलकेच उलटा फिरवायचा. टक्‌ असे जाणवून तो किंचित खाली बसला की जुने आटे सापडले असे समजायचे आणि मग सुलटा आवळायचा. या सवयीने एकच भाग कितीतरी वेळा उघडता येतो.

धातूत धातूचा स्क्रू जातो तिथे तो हादऱ्यांनी सैल होतो, म्हणून त्याला थ्रेडलॉकचा एक थेंब लावतात. हाच थेंब प्लास्टिकवर पडला तर काही प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकते. वरची बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते आणि तिला रंग आतून देतात. त्यामुळे आधी मारलेला थर बाहेरून दिसतो आणि गाडी घासली तरी रंग शाबूत राहतो.

हुकूम चाकापर्यंत कसा पोहोचतो

चालवणाऱ्याच्या हातातील ट्रान्समीटर आदेश सोडतो आणि गाडीतील रिसीव्हर तो झेलतो. रिसीव्हरकडून दोन वाटा फुटतात. एक पुढची चाके वळवणाऱ्या सर्व्होकडे जाते, दुसरी मोटरचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरकडे.

सर्व्होला सेकंदातून साधारण ५० वेळा विजेचा एक ठोका मिळतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर चाके सरळ राहतात. तो एक मिलिसेकंदाकडे आखूड झाला की चाके एका बाजूला वळतात, दोनकडे लांबला की दुसऱ्या बाजूला. आपण आता कुठल्या कोनात आहोत हे सर्व्हो आतल्या पोटेन्शिओमीटरवरून सतत तपासतो आणि हुकमाशी असलेला फरक संपेपर्यंत फिरत राहतो. त्यामुळे चाक हवे तेवढेच, बोटभरही, वळवता येते. स्वस्त खेळण्यात मात्र बहुधा पूर्ण डावे, सरळ आणि पूर्ण उजवे इतकेच पर्याय असतात.

पूर्वी हे आदेश २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून जात. एकाच वारंवारितेवर दोन गाड्या आल्या की एकाचा हुकूम दुसऱ्याची गाडी ऐकत असे. म्हणून शर्यतीत वारंवारितेनुसार रंग ठरवून अँटेनाला फीत बांधत. आताचे संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्यांत ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांची ओळख आधीच जुळवून ठेवतात. भारतात या पट्ट्यातील कमी शक्तीची उपकरणे २००५ मध्ये परवान्यातून मुक्त झाली. पण एक शिस्त जुनीच आहे. सुरू करताना आधी ट्रान्समीटर, मग गाडी, आणि बंद करताना आधी गाडी. हा क्रम चुकला तर बेवारस गाडी सुसाट सुटू शकते.

दात्यांचे गणित, बॅटरीची शिस्त

मोटरच्या दांड्यावर लहान दातेरी चाक असते, त्याला पिनियन म्हणतात. ते मोठ्या स्पर गिअरला फिरवते. तामियाच्या टीटी-०२ या चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत पिनियनला २२ आणि स्परला ७० दाते असतात. पुढच्या गिअरची २.६ पट घट धरली तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी मोटर ८.२७ वेळा फिरते. मोटरचा वेग मिनिटाला १५,००० फेरे धरला तर चाक सुमारे १,८१४ फेरे घेईल. ६४ मिलिमीटर व्यासाचे टायर एका फेऱ्यात २० सेंटिमीटर पुढे जाते. म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर. पिनियन मोठे घातले की वेग वाढतो, पण मोटर जास्त वीज खेचते आणि तापते. फार तापली तर ब्रशलेस मोटरमधील चुंबकांची ताकद कायमची घटते. शाळेत रुक्ष वाटणारे गुणोत्तर इथे बोटांना चटका देऊन समजते.

पिनियन आणि स्पर यांच्यातील अंतर ठरवण्यासाठी दोन्हींच्या दात्यांमध्ये कागदाची पट्टी धरून मोटर घट्ट करतात आणि मग पट्टी ओढून काढतात. तेवढी फट पुरते. फट कमी पडली तर गिअर किंचाळतात, जास्त झाली तर दाते झडतात.

आरंभी बॅटरी निकेल-कॅडमियमची असे. १.२ व्होल्टचे सहा सेल मिळून ७.२ व्होल्ट. आता लिथियम-पॉलिमर, म्हणजे लिपो, सर्रास वापरतात. ती हलकी आणि जोरकस असते, पण लहरी. तिचा एक सेल ४.२ व्होल्टच्या वर भरायचा नाही आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही. आठवडाभर गाडी चालवायची नसेल तर सेल सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवायचा. ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ५ अँपिअरने भरणे सुरक्षित मानतात. फुगलेली बॅटरी वापरायची नाही आणि चार्जिंग लावून घराबाहेर जायचे नाही. या छंदात खरा धोका कुठे असेल तर तो इथे आहे, आगीचा.

मोडावे ते स्वस्त असावे

एकदशांश आकाराच्या गाडीची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी दहा पटींनी कमी असते, म्हणून तिचे घनफळ आणि वजन हजार पटींनी कमी होते. बाराशे किलोच्या मोटारीची अशी प्रतिकृती सव्वा किलोच्या आसपास भरेल. भागांची ताकद मात्र त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि ते शंभर पटींनीच कमी होते. म्हणजे वजनाच्या मानाने छोटी गाडी मोठीपेक्षा दहापट भक्कम. खरी मोटार ज्या उडीत चक्काचूर होईल त्यातून ही उठून पळते ते यामुळे.

तरीही भिंत ती भिंतच. जाणता रचनाकार आधी काय मोडावे हे ठरवून ठेवतो. सर्व्होच्या दांड्यावर ‘सर्व्हो सेव्हर’ हा स्प्रिंगचा जोड असतो. चाकाला दणका बसला की तो वाकतो आणि सर्व्होचे नाजूक दाते वाचवतो. पुढची झुलती बाहू प्लास्टिकची असते, तुटली तर थोड्या पैशांत बदलता येते. नवशिके हौसेने तिथे अॅल्युमिनियमची बाहू बसवतात. मग पुढच्या धडकेत बाहू टिकते आणि सांगाडा तडकतो.

निगा राखण्याची सुरुवात गाडी थांबल्याबरोबर होते. कोकणची तांबडी धूळ असो वा देशावरची काळी माती, ती कोरड्या ब्रशने झटकायची. पाण्याने धुण्याचा मोह टाळायचा, कारण बेअरिंगमध्ये पाणी शिरले की गंज आलाच. मग एकेक चाक हाताने फिरवून कान द्यायचा. खरखर आली तर बेअरिंग गेले किंवा जायच्या वाटेवर आहे. शॉक अॅब्सॉर्बरमध्ये सिलिकॉनचे तेल असते आणि पिस्टनच्या छोट्या भोकांतून ते जाताना धक्का जिरतो. तेल भरल्यावर पिस्टन सावकाश वरखाली करून बुडबुडे निघू द्यायचे आणि मगच झाकण लावायचे. शेवटी गाडी वीतभर उंचीवरून सपाट जमिनीवर सोडायची. दोन्ही बाजू सारख्या बसल्या तर ठीक, नाहीतर एका बाजूचे तेल किंवा स्प्रिंग तपासायचे.

सुटा भाग मिळाला नाही तर

आपल्याकडे या छंदाची खरी अडचण इथेच आहे. छोट्या प्रतिकृती सीमाशुल्काच्या यादीत खेळण्यांच्याच ९५०३ या शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. देशी खेळणी उद्योगाला संरक्षण देण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. पण ज्या गाडीचा दोन बोटांएवढा भाग परदेशातून यायचा, तिच्या मालकाचा खर्च आणि खोळंबा दोन्ही वाढतात. भाग मिळाला नाही की छंदाची गाडीही माळ्यावर जाते. त्या दिवशी ती पुन्हा खेळणे होते.

यावर शौकीन आपापले उपाय काढतात. तुटलेल्या बाहूचे माप व्हर्नियरने घेऊन, संगणकावर तिचे चित्र काढून ती थ्री-डी प्रिंटरवर नायलॉनमध्ये छापतात. लेथवाल्याकडून दांडा कातून घेतात. भाग सुटा होतो म्हणूनच त्याचे माप घेता येते आणि तो इथे बनवताही येतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयाचे पोर्टल सुरू केले. मोबाइल, वाहने, शेतीची अवजारे यांचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी, ही त्यामागची भूमिका. छंदगाड्यांच्या खोक्यात ही गोष्ट पुस्तिकेच्या रूपाने कितीतरी आधीपासून येत आली आहे.

हा छंद महाग आहे हे खरे. प्रत्येक घराला तो परवडणार नाही. पण त्यातील शिकवण महाग नाही. पुण्याच्या आयुकातील विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. तिथेही मूल शिकत होते ते स्वतः जोडून आणि उघडून.

तेव्हा पुढच्या वेळी घरातील गाडी बंद पडली की ती फेकण्याआधी मुलाच्या हातात स्क्रू ड्रायव्हर द्यावा, बॅटरी मात्र आपण आधी काढून घ्यावी. गाडी कदाचित सुरू होणार नाही. पण चाक कशाने फिरत होते आणि कुठला दाता तुटला, हे त्याला दिसेल. आणि नवीन गाडी घेताना तो दुकानदाराला किमतीच्या आधी विचारेल, ‘काका, हिचे पार्ट मिळतात का?’